गाळलेला सूर

चौकातल्या खुर्चीवर बसून म्हातारीला तासच झाला होता, पण तेवढ्यात तिनं तिघांना मोडीत काढलं होतं. बासरीवाला वाजवतो की घोरतो तेच कळत नाही. ड्रमवाल्याला कुणीतरी सांगा, कपडे बडवायचे दिवस गेले. आणि ती गाणारी गळ्यापेक्षा हातच जास्त हलवते. धाकटी सून शेजारी बसून पदरात हसत होती. धाकट्या मुलाची बदली होऊन या गावात महिनाच झाला होता. वर्षातून चार दिवस इथं सगळं गाव रस्त्यावर येऊन वाजवतं, गातं, चित्रं मांडतं, आणि तुम्ही दार लावून बसणार का, असं म्हणून सुनेनं तिला ओढून आणलं होतं.

मग एक मुलगी लाल अकॉर्डियन गळ्यात अडकवून मंचावर आली. तिनं भाता उघडला, पहिली ओळ वाजली, आणि म्हातारीच्या मांडीवरची काठी खाली पडली.

ही चाल बाहेरची नव्हतीच. तिच्या नवऱ्यानं बांधलेली, घराच्या चार भिंतींतच वाजलेली. तो हयातभर भात्यात हवा भरत बसला आणि घराचा गाडा हिनं एकटीनं ओढला.

चौक ठेक्यावर टाळ्या वाजवू लागला. तिसऱ्या वळणावर चाल वर चढते, तिथं मुलीनं बोट उचललं. टाळ्याही थांबल्या. एका ठोक्यापुरता सगळा चौक गप्प. जन्मात कधी चारचौघांत न गुणगुणलेल्या म्हातारीनं त्या गप्प जागेत राहिलेला सूर मोठ्यानं लावला.

माना वळल्या. मागची बाई हसून म्हणाली, "आजी, तिथं सोडायचं असतं. नवीन दिसता गावात."

म्हातारीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोरायची तर चोरा, पण धड तरी चोरा. सून नको नको म्हणत राहिली, पण वाजवून झाल्यावर मुलगी मंचामागे पाणी प्यायला आली तेव्हा म्हातारी काठी टेकत तिच्यासमोर उभी होती.

ही चाल कुणाची, तुला कुठं मिळाली, आणि मधला सूर का गिळलास, हे तिनं एका दमात विचारलं. मुलगी रागावली नाही. आमच्या सरांची आहे, म्हणाली. बासरीवाला, ड्रमवाला, मी, आम्ही सगळे त्यांचेच. सर सगळ्यांना आपल्या जुन्या काळ्या अकॉर्डियनवरच धडे द्यायचे. त्याची एक पट्टी तुटलेली, त्यामुळे तो सूर निघायचाच नाही. ऐकून ऐकून आम्हालाही तिथं थांबायची सवय लागली, मग गावालाही लागली. आता माझ्या पेटीत सगळे सूर आहेत, पण तिथं बोटच पडत नाही.

म्हातारीनं खांबाला हात लावला. सोळा वर्षांपूर्वी नवऱ्याचं ते काळं धूड तिनंच जिन्यावरून खाली ढकललं होतं. या घरात बाप यापायी वाया गेला एवढं पुरे झालं, आता तू तरी माणसात ये, असं थोरल्या मुलाला बजावून. तो जिना उतरला, अकॉर्डियन उचललं आणि तसाच गेला.

"कुठं आहे तो?" तिनं विचारलं.

"गेले, आजी. मागच्या वर्षी, या महोत्सवाच्या आदल्या आठवड्यात."

म्हातारीनं त्या लाल अकॉर्डियनच्या एका पट्टीवर बोट ठेवलं.

"एवढे शिष्य होते," ती म्हणाली, "तर एक पट्टी बसवून नाही घेता आली?"

"आम्ही कितीदा मागे लागलो. म्हणायचे, जिनं मोडली तीच बसवेल. येईल की कधीतरी."

पट्टी घरी होती. शिवणाच्या डब्यात, बटणांच्या खाली. तो गेला त्याच दिवशी जिन्याखाली केर काढताना सापडली होती.

मुलीनं विचारलं, तुम्ही ओळखत होता का सरांना? जिची जीभ कधी कुणाची उधारी ठेवत नव्हती, तिला शब्द जुळवायला वेळ लागला.

"लहानपणी," ती म्हणाली. "सूर पक्का होता त्याचा."

हे तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. त्यालाही नाही.

शेवटी सगळे वादक एकत्र मंचावर आले आणि पुन्हा तीच चाल सुरू झाली. म्हातारी खुर्चीवर ताठ बसली होती. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्याला मुलीनं बोट उचललं, बासरी थांबली, ड्रम थांबला, टाळ्या थांबल्या. मुलीनं म्हातारीच्या खुर्चीकडे पाहिलं आणि बोट खाली आणलंच नाही. ठोका उलटून गेला तरी चौक वाट बघत राहिला.

म्हातारीनं तोंड उघडलं. ओठ हलले. आवाज आला नाही.

मुलगी थांबता येईल तेवढी थांबली. मग तिनं पुढची पट्टी दाबली आणि चाल पुढं निघून गेली.

सुनेनं पुन्हा खाली पडलेली काठी उचलून हातात दिली. "आई, घरी जायचं का?"

"बस खाली," म्हातारी म्हणाली. "ती जागा अजून एकदा येते."