गाढवाचं शेवटचं पान

दुपारी चार वाजता नणंदेनं पुस्तकाचं शेवटचं पान लिहून संपवलं. पान वरपासून खालपर्यंत भरलं होतं. चित्राला बोटभर जागा नव्हती.

पुस्तक दोघींचं होतं. नणंद घोटीव अक्षरात गोष्ट लिहायची, मध्ये एक चौकोन मोकळा सोडायची. भावजय त्यात शाईनं चित्र काढायची. पानं झाली की झेरॉक्स, मग घरीच दोऱ्यानं शिलाई. गोष्ट पूल ओलांडायला तयार नसलेल्या एका गाढवाची. नणंदेनं ती दोन वर्षं मनात घोळवली होती.

आधीच्या एका रविवारी भावानं तोवर झालेली पानं चाळली होती.

"गाढव काय उतरलंय," तो बायकोला म्हणाला. "मला समोर बसवलं होतंस की काय?"

"तू एवढा वेळ गप्प बसतोस कुठे?"

"गोष्ट वाचलीस का?" नणंदेनं विचारलं.

"वाचतो गं ताई. गोष्ट कुठे पळून जातेय."

शेजारीण आली, तिनंही चौकोन तेवढे बघितले. नणंदेच्या पोटात दुखायला लागलं ते तिथपासून. पोस्टकार्डाएवढे चौकोन काडेपेटीएवढे झाले. भावजय तेवढ्याच जागेत काढत राहिली. काडेपेटीतलं गाढव सगळ्यांत जिवंत निघालं.

आता भावजय ब्रश धुऊन आली आणि भरलेलं पान बघून उभीच राहिली.

"इथे चित्र नको," नणंद म्हणाली. "शेवट शब्दांतच शोभतो."

"बरं." भावजयीनं पान उचलून वाचलं. पुन्हा वाचलं. "ताई, रागावणार नसाल तर एक बोलू?"

"बोल."

"गाढव पुलाच्या मधोमध थांबतं आणि वाकून पाण्यात बघतं. गोष्ट तिथंच संपत होती, मला पाठ आहे. त्याला काय कळलं, आपण काय शिकायचं, हे खालचं कधी आलं?"

नणंदेनं पेनाचं टोपण लावलं. मग काढलं.

"मी जागा मागत नाहीये. अर्धं पान कोरं ठेवा हवं तर. पण खालचं एवढं काढून टाका."

झेरॉक्सचं दुकान सातला बंद होणार होतं. साडेसहाला भाऊ पानं न्यायला आला. नणंदेनं गठ्ठा त्याच्या हातात दिला. शेवटचं पान त्यात नव्हतं. ते टेबलावर तिच्या कोपराखाली होतं. शेजारी नवा कागद घेतलेला होता, त्यावर अजून काही लिहिलेलं नव्हतं.