शेल्फवरचे लाल बूट

“ही घ्या आणि कुणाला तरी विकून टाका,” टेलरताई म्हणाल्या. सायकल त्यांनी एका हाताने ढकलत दुकानात आणली होती. दुसरा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता.

दुकानदाराने पाना खाली ठेवला. काय झालं असेल ते दिसतच होतं, तरी त्याने विचारलं.

“सिग्नलला पडले. लाल दिवा लागला, सगळे थांबले, मीही थांबले. पायच सुटेना हो पेडलमधून. उभीच्या उभी आडवी झाले, पोतं पडावं तशी.” त्या हसल्या. “बसमधली माणसं खिडकीतून वाकून बघत होती. चूक माझीच. टाच बाहेर फिरवायची, की पाय सुटतो, हे तुम्ही दहादा सांगितलं होतं. ऐन वेळी सुचलं नाही.”

“चूक माझीच” ऐकून तो मेल्याहून मेल्यासारखा झाला. तीन महिन्यांपूर्वी याच बाई याच काउंटरपाशी येऊन म्हणाल्या होत्या, “नुसता पाय ठेवायची साधी पेडलं नाहीत का?” दुकानात तेव्हा चार गिऱ्हाइकं होती, आणि गिऱ्हाइकं असली की याच्या जिभेला जोर चढे. “साधी पेडलं? ताई, रविवारी शंभर किलोमीटर जायचंय, की कोपऱ्यावरून भाजी आणायचीय?” सगळे खो खो हसले होते. ताई लाजून कानापर्यंत लाल झाल्या होत्या. मग त्याने शेल्फवरच्या लाल बुटांकडे बोट दाखवलं होतं. “ते माझे. घेऊन सात वर्षं झाली. तळाची लोखंडी पट्टी पेडलमध्ये अडकते. एकदा खट्‌ वाजलं, की माणूस आणि सायकल एक!” ताईंनी मुकाट्याने तसलेच बूट आणि तसलीच पेडलं घेतली होती.

ते बूट आता त्यांच्या हँडलला लटकत होते. तीन महिन्यांत चालून चालून तळाच्या पट्ट्या पार घासल्या होत्या.

“दीड महिन्यात हात मोकळा होईल,” तो चाचरत म्हणाला. “मग बसा परत.”

“नको. नुसती बघितली तरी मनगट ठणकतं. पडल्याचंही काही नाही हो, पण लाज वाटते. सायकल ग्रुपमधले सगळे खट्‌ करून पाय अडकवतात आणि भुर्रकन जातात. मलाच तेवढं जमत नाही. दीड महिना शिलाई मशीन बंद आहे, तेवढी हौस पुरे झाली.”

खरं म्हणजे विषय इथेच मिटत होता. त्याने नुसतं बरं म्हणायचं, सायकल ठेवून घ्यायची. पण त्याच्याने ते होईना. काउंटरखालच्या शेवटच्या खणातून त्याने पेडलांची एक जोडी काढली. तळहाताएवढी रुंद, सपाट, आणि वर बारीक बारीक पिना.

“या पिना बुटाच्या रबरात रुततात. पाय घसरत नाही, आणि उचलायचा म्हटलं की उचलता येतो. फिरवाफिरवी काही नाही.” मग त्याने ताईंच्या पायांकडे पाहिलं. “हे पळायचे बूट चालायचे नाहीत. गादीसारखे आहेत, सगळा जोर त्यातच जिरतो. तळ सपाट पाहिजे, उंच टाच नको, रबर पकड घेणारं पाहिजे.” त्याने एक करडा बूट पुढे केला. “वाकवून बघा. थोडा वाकतो, पण दुमडत नाही. असा हवा.”

कापड पारखावं तसा ताईंनी अंगठ्याने तळ दाबून पाहिला. नकळत त्या खुर्चीवर टेकल्या.

“नाडी आत खोचायची, उजव्या पायाची तर नक्कीच, नाहीतर साखळी ओढून घेते. पाय नुसत्या बोटांवर नाही, चवडा पूर्ण टेकवायचा. आणि सुरुवातीला नडगी सांभाळा. पाय चुकला की पेडल गरकन फिरतं आणि पिना अशी सालं काढतात म्हणता, आठवडाभर पॅन्टसुद्धा...” त्याने जीभ चावली.

ताई त्याच्याकडे टक लावून बघत होत्या. “तुम्हाला बरंच माहीत आहे हो साध्या पेडलांचं?”

भर उकाड्यातही हा माणूस दुकानात पायघोळ पॅन्ट घालत असे. त्याने खाली वाकून ती गुडघ्यापर्यंत वर केली. नडगीवर जुन्या-नव्या पांढऱ्या खुणांची रांगच होती.

ताईंचा चेहरा उजळला. “अगंबाई! म्हणजे तुम्हीही पडलात! पडलात आणि मग साध्यावर आलात, होय ना? आणि मी वेडी समजत होते, की जगात मीच एकटी!”

त्यांच्या आवाजात इतकी सुटका होती, की त्याला नुसती मान हलवायची होती. ताईंनी त्याच्या मापाचं खोटं आयतं शिवून त्याच्या हातात दिलं होतं. घातलं असतं तर कुणाला कळलंही नसतं, आणि ताईंपुढे त्याची मानही ताठ राहिली असती.

त्याने शेल्फवरचे लाल बूट खाली काढले. ताईंच्या बुटांशेजारी ते पालथे करून ठेवले. तळाच्या पट्ट्या कोऱ्या करकरीत होत्या, एक ओरखडा म्हणून नव्हता.

“मी कुठला पडतोय, ताई,” तो खाली मान घालून म्हणाला. “भीतीने एकदाही पायात घातले नाहीत.”