पहिला घोट

“अंबूबाई, पुढं या,” पाळकसाहेब दुसऱ्यांदा म्हणाले.

दाराला टेकून बसलेली म्हातारी जागची हलली नाही. सगळ्या देवळानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. तिनं पदर कपाळावर ओढला आणि हळूच म्हणाली, “नगं साहेब. म्या शेवटीच बरी.”

भोरच्या ख्रिस्ती देवळाला चाळीस वर्षं झाली, त्याची आज उपासना होती. भोंगवलीची मंडळी पहाटेच निघून चालत आली होती. पाळक शमुवेलराव नगरकडचे. त्यांना येऊन दीड वर्ष झालं होतं आणि उत्साह अजून उतू जात होता. आजच्या दिवसासाठी त्यांनी देवळाचा इतिहास लिहायला घेतला. बाप्तिस्म्याची जुनी वही उघडली, तर पहिलंच नाव अंबूबाईचं. मांगवाड्यातल्या गेनबाची बायको. छताचे वासे वर चढवले ते या दोघांनी वळलेल्या दोरांनी. बाकीची मंडळी महारवाड्यातली, आणि ती सगळी तिच्यामागून आलेली. हे सारं त्यांनी आत्ताच सगळ्यांपुढे खणखणीत आवाजात वाचून दाखवलं होतं.

आणि ही पहिली बाई प्रभुभोजनाला मात्र सगळ्यांत शेवटी यायची. एकाच प्याल्यातून प्रत्येकानं एकेक घोट घ्यायचा, तळाशी उरेल तो अंबूबाईचा. मग प्याला दोनदा राखेनं आणि एकदा चिंचेनं घासायचा, ही इथली चाल. शमुवेलरावांनी मंडळीतले वडीलधारे रखमाजी यांना एकदा विचारलंही होतं. “तिला तितंच बरं वाटतं,” रखमाजी म्हणाले होते, “सवय हाय तिची.” पाळकांच्या बायकोनं तर भोरची माणसं फार टापटिपीची आहेत, असं माहेरच्या पत्रात कौतुकानं लिहिलं होतं. दोघंही नवरा-बायको भाबडी. राखेनं काय घासलं जातं हे त्यांना कोण सांगणार?

शमुवेलराव स्वतः दाराशी गेले. त्यांनी म्हातारीचा हात धरला. “पहिला घोट पहिलीचा,” ते म्हणाले. “चाळीस वर्षं उशीर झाला, आणखी नको.”

ती उठली. दोन बाजूंना बसलेल्या माणसांमधून ती अंग चोरून चालत गेली. मेजापाशी पोचल्यावर तिनं एकदा रखमाजींकडे पाहिलं. रखमाजी मांडीवरच्या पागोट्याची घडी नीट करत होते. तेव्हा तिनं प्याला घेतला. काठोकाठ भरलेला प्याला. इतकी वर्षं तिच्या वाट्याला मनुकांच्या रसाचा गाळच आला होता. तिनं डोळे मिटून एक घोट घेतला आणि तिचा सुरकुतलेला चेहरा एखाद्या पोरीसारखा उजळला. शमुवेलरावांना भरून आलं. याच क्षणासाठी आपल्याला देवानं भोरला धाडलं, असं त्यांना वाटून गेलं.

“या,” ते मंडळीला म्हणाले.

कुणी उठलं नाही.

“या ना. रखमाजीबाबा, तुम्ही या.”

“माजा घसा धरलाय, साहेब,” रखमाजी म्हणाले. त्यांनी पागोटं डोक्यावर ठेवलं आणि ते बाहेर पडले. कुणाच्या पोटात दुखू लागलं. कुणाला भोंगवलीची लांबची वाट आठवली. कुणी नुसतंच उठून चालू लागलं. नीरेच्या पाणवठ्यावर यांना कुणी पाय ठेवू देत नव्हतं, त्याचा सल यांच्यातल्या प्रत्येकाच्या काळजात होता. तो सल घेऊनच ही माणसं ख्रिस्ताकडे आली होती. पण पळसाला पानं तीनच.

शेवटी सगुणाबाई तेवढी राहिली. तिची पाचही बाळंतपणं अंबूबाईनं केली होती. तिच्या पाचही लेकरांच्या तोंडात मधाचं पहिलं बोट अंबूबाईचं होतं. सगुणाबाई उठली, दोन पावलं पुढे आली, प्याल्याकडे पाहत उभी राहिली. मग तिनं डोळ्यांना पदर लावला आणि तीही वळली. तिच्या मागं दार हलत राहिलं.

देऊळ रिकामं झालं. शमुवेलरावांच्या हातात भरला प्याला तसाच होता. करायला गेले काय आणि होऊन बसलं काय. त्यांना अंबूबाईकडे बघवेना.

“अंबूबाई, मला माफ करा,” ते म्हणाले. “चाळीस वर्षं यांनी तुम्हाला दाराशी बसवलं आणि मला ते कळलं नाही.”

“मला कुनी न्हाई बसवलं, साहेब.” तिनं त्यांच्या हातातला प्याला काढून घेतला आणि जपून मेजावर ठेवला. “देऊळ बांधून झालं, त्या पयल्या ऐतवारी बी असंच झालं व्हतं. गोऱ्या सायबानं मला पयली बोलावली अन् समदी उटून गेली. महिनाभर कुनी फिरकलं न्हाई. सायेब लेकरावानी रडायचा. मंग म्या आपली आपनच दाराशी जाऊन बसले. तवा कुटं मानसं आली.”

शमुवेलरावांच्या इतिहासाचे कागद मेजावर तसेच पडले होते. त्यांत यातलं अक्षरही नव्हतं.

अंबूबाई दाराशी गेली. आपली सतरंजी तिनं गोळा केली, नीट घडी घातली आणि काखेत मारली. मग उंबरा ओलांडून ती पायरीवर उभी राहिली, जागा बघितल्यासारखी.

“आता दाराशी बसून भागायचं न्हाई, साहेब,” ती म्हणाली. “फुडल्या ऐतवारपास्नं म्या हितं भायेर बसते. येतील समदी.”