दातांत धरायचं अवजार

मिस्त्रीने काचेच्या काउंटरवरचं नवंकोरं अवजार उचललं आणि सरळ दातांत धरलं, तेव्हा दुकानदाराचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"अहो साहेब, विकायचंय ते मला!"

"घेणारच आहोत," लंबू म्हणाला. "बघू द्या त्याला. आमच्या कामात हे हातात कमी आणि तोंडात जास्त असतं."

खोटं नव्हतं. दोघं लिफ्टची दुरुस्ती करायचे. मिस्त्री वर शिडीवर; एका हाताने शिडी धरलेली, दुसऱ्यात बॅटरी, आणि पक्कड, पातं, स्क्रू ड्रायव्हर सगळं एकात असलेलं मल्टिटूल दातांत. लंबू खाली खड्ड्यात. अवजार दोरीने मनगटाला बांधायचा नियम आहे. पण दोरी लिफ्टच्या चाकात अडकते, म्हणून मिस्त्री बांधत नसे. नियम करणारे कुठे शिडीवर चढतात!

गेल्या मंगळवारी ते जडशीळ अवजार तीन मजले खाली आलं. लंबूच्या हेल्मेटला तडा गेला. डोकं वाचलं, म्हणून तो आज दुकानात होता.

"हातातून निसटलं," मिस्त्री म्हणाला होता. लंबूने मान डोलावली. बावीस वर्षं जो माणूस आपल्या डोक्यावर उभा आहे, त्याच्यावर विश्वास ठेवावाच लागतो. पुढचं हलकं घेऊ या, एवढंच तो म्हणाला.

हातातून निसटलं नव्हतं. महिन्यापूर्वी मिस्त्रीला वरच्या दातांची कवळी बसवली होती आणि ते फक्त त्याच्या बायकोला ठाऊक होतं. कामावर कळलं तर शिडी सुटणार, हे सांगायला ज्योतिषी नको. शिडीखेरीज त्याला दुसरं काही येत नव्हतं.

"हे घ्या," दुकानदार म्हणाला. "एकोणीस प्रकार आहेत ह्यात. कात्री, करवत, बाटली उघडायचंसुद्धा."

"बाटल्या आम्ही दातांनीच उघडतो," लंबू म्हणाला. मिस्त्री हसला नाही.

एकोणीसवालं त्याने लगेच खाली ठेवलं. दुसरं जरा वेळ धरलं, पण जबडा भरून आला. तिसरं जेमतेम दीडशे ग्रॅमचं. ना कात्री, ना करवत. पक्कड तेवढी बरी. ते दातांत धरून त्याने शिडीवरून बघावं तसं खाली बघितलं. मान हलवली. राहिलं! मिस्त्रीचा जीव भांड्यात पडला.

"आता बोलून बघ," लंबू म्हणाला. "वरून मला शिव्या घालतोस ना, तशी घाल एक सणसणीत."

मिस्त्रीने दात न उघडता शिवी सुरू केली. अर्ध्यातच अवजार काचेवर आपटलं. पाठोपाठ कवळी.

दुकानदाराला एकदम मागच्या फळीवरचे डबे नीट लावायची आठवण झाली. मिस्त्रीने कवळी खिशात घातली आणि तोंडावर हात धरला.

"मंगळवारी हेच झालं?"

मिस्त्रीने मान खाली घातली.

"अरे गाढवा, मी खाली होतो!" लंबूचा आवाज चढला. मंगळवारी वाटली नव्हती ती भीती त्याला आत्ता वाटली. त्याने काउंटर घट्ट धरलं.

मग त्याने ते हलकं अवजार शर्टाला पुसलं, स्वतःच्या दातांत धरलं आणि मिस्त्रीला एक लांबलचक शिवी घातली. अवजार जागचं हललं नाही.

"हेच द्या," तो दुकानदाराला म्हणाला. "उद्यापासून वर मी. खाली हा असणार."

"तुला चक्कर येते," मिस्त्री हाताआडून बोबडं बोलला. "दुसऱ्या पायरीवर डोळे मिटतोस तू."

"येते," लंबू म्हणाला. "पण दात माझे आहेत."