नमुन्याचा पिस्टन

“हा पिस्टन पण नको म्हणेल,” उघड्या इंजिनात डोकं घालून ताहेर मेकॅनिक पुटपुटला. स्वतःशीच बोलला, पण चहा घेऊन आलेल्या हौसाला ऐकू गेलंच.

तिचा नवरा जगन मडगार्डवर बसून ताहेरने आणलेला पिस्टन हातात फिरवत होता. गाडी लढाईच्या आधीची, विलायती. पनवेल ते मोरा बंदर, माणसं आणि मासळीच्या टोपल्या एकाच फेरीत नेणारी. पावसाळाभर ती अंगणात उभी होती आणि मागच्या सीटवर कोंबडी अंडी घालत होती. गाडीचा उपयोग तेवढाच उरला होता.

“डुप्लिकेट हाय,” जगन म्हणाला.

“ओरिजिनल आता येतच नाय, जगनभाय. बाहेरचा माल बंद झालाय.”

“नमुन्याला लावून बघितल्याबिगर कसा घेऊ?”

ताहेरने पुसलेला पाना पुन्हा पुसला. हौसा कपातल्या चहाकडे बघत राहिली.

नमुना कुठं आहे ते तिघांनाही ठाऊक होतं. गाडी मोऱ्यालाच बंद पडली तेव्हा जुना पिस्टन नमुन्याला घेऊन जगन-हौसाचा शिवा तिथूनच मुंबईच्या मचव्यात बसला. बाजाराच्या गर्दीत कुणी चोरू नये म्हणून जगननेच तो लोखंडी ऐवज पंच्यात गुंडाळून पोराच्या कमरेला बांधला. दोन गाठी मारल्या. मचवा खाडीत उलटला. बाकीचे सगळे पोहत काठाला लागले. त्यांच्यात शिवाइतकं पोहणारं कुणीच नव्हतं.

आणि त्या दिवशी, शिवा मचव्यात बसायच्या आधी, धक्क्यावर ताहेरने पिशवीतून काढून दाखवलेला, डुप्लिकेट म्हणून जगनने न बघताच परत केलेला पिस्टन तो हाच. इतके महिने दुसरे आणून बघितले, हा मात्र ताहेरने बाहेर काढला नव्हता.

“अवो, चहा निवतोय,” हौसा म्हणाली.

जगन उठला. पिस्टनला तेलाचं बोट लावलं, इंजिनाच्या तोंडावर धरला आणि अंगठ्याने हलकेच दाबला. पिस्टन आवाज न करता आत गेला. ना अडकला, ना सैल पडला.

“बसला,” ताहेर खाली बघत म्हणाला.

जगनचा तळवा तसाच त्यावर राहिला.

“तवाच बसला असता,” तो म्हणाला.