हलका हात

रिपोर्ट ऐकला आणि नाथाजीनं भिंतीकडं तोंड फिरवलं. खाटेशेजारी उभ्या असलेल्या पोराकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही.

"म्हंजे जयराजचं चालायचं न्हाई?" त्याच्या आईनं, अंजनाबाईंनी विचारलं.

"नाही," डॉक्टर अबोली म्हणाल्या. "त्यालाही वडिलांचाच आजार आहे, हिपॅटायटिस सी. गोळ्यांनी बरा होईल तो. पण लिव्हरचा तुकडा त्याच्याकडून घेता येणार नाही."

अंजनाबाई मटकन खाली बसल्या. त्यांना स्वतःला साखरेचा त्रास, म्हणून त्यांचं नाव आधीच बाद झालं होतं. तपासण्या इथं सांगलीत, ऑपरेशन पुण्याला, असं सगळं ठरलं होतं. ठरलेलं सगळं बोंबललं.

अबोलीबाईंना कंटाळा आला होता. आजाराचा नव्हे, तेच तेच विचारायचा. हा आजार पसरतो कसा, यावर त्यांचं संशोधन चाललं होतं आणि विट्याजवळच्या या एका गावानं त्यांची झोप उडवली होती. नाथाजीच्या गावातनं एकामागोमाग एक पेशंट येत होते. बहुतेक सगळे तिशी-चाळिशीतले, धडधाकट दिसणारे.

नाथाजीचं कोडं मात्र सुटलेलं होतं. तरुणपणी तो उसाच्या ट्रॉलीखाली सापडला होता. तेव्हा त्याला रक्ताच्या बाटल्या चढवल्या, आणि तेव्हा रक्तात हा आजार कुणी शोधतच नव्हतं.

पुढं तो गावातल्या दवाखान्यात कंपाउंडर झाला. डॉक्टर आठवड्यातनं एकदा यायचा, त्यामुळं गाव नाथाजीलाच डॉक्टर म्हणायचं. हात असा हलका, की पोरं त्याच्याकडं सुई घ्यायला हसत यायची. दुसऱ्या कुणाचं नाव काढलं तरी भोकाड पसरायची.

अबोलीबाईंनी त्या सुयांबद्दल एकदा विचारलं होतं, तर गडी भडकलाच.

"बाई, उकळल्याबिगर एक सुई मी कुणाला टोचली न्हाई! पर्तेक पोराला येगळी सुई. स्टोव्हवर डबा खळाखळा उकळायचा. जावा, इचारा गावात."

त्यांनी खरंच गावात जाऊन विचारलं. म्हाताऱ्या रंगूबाईपासून सगळ्यांनी तेच सांगितलं. डबा उकळायचा, दिवसभर उकळायचा. त्यात खोट नव्हती.

आता अबोलीबाई खोलीबाहेर पडल्या, तसा नाथाजी वळला.

"तुजी आई माज्यासंगं जलम काढून कोरी ऱ्हायली. तिची तपासणी झालीय. म्हंजे घरातनं तुला लागलं न्हाई. मग कुठनं आणलंस रं?"

"तात्या, मला काय म्हाईत?"

"कोइमतूरला ऱ्हातोस. सोनं गाळतोस का आणि काय काय करतोस, कोण बघाय आलंय? आणि दंडावर ह्यो वाघ गोंदून घेतलास तवाच म्या म्हनलं हुतं."

"आवं, पोरगं दुकान बंद करून आलंय तुमच्यासाठी," अंजनाबाई म्हणाल्या.

"मग उघडाय सांग जा."

जयराज बाहेर पडला आणि जिन्याच्या पायरीवर जाऊन बसला. बापाला लिव्हर द्यायला आलेला माणूस, आणि बापानं त्याला लफंगा ठरवला. त्याला फार लागलं. वाघ त्यानं हौसेनं गोंदवला होता, एवढाच काय तो त्याचा गुन्हा.

मग कऱ्हाडजवळच्या मलकापूरहून क्रांती आली, त्याची बहीण. सासरी कुणालाच पसंत नव्हतं, पण ती पाच वर्षांच्या लेकीला, प्रांजलला काखेत मारून तडक आली. "माझं घ्या," एवढंच म्हणाली. आता तिच्याशिवाय कुणी उरलंही नव्हतं. नाथाजीचं पोट पाण्यानं तट्ट फुगलं होतं आणि डोळे हळदीसारखे झाले होते.

क्रांतीचा रिपोर्ट आला. तिलाही तेच.

नाथाजी लहान पोरासारखा रडला. मरणाला भिऊन नव्हे. "ही पोर कऱ्हाडच्या फुडं कवा गेली न्हाई. हिला कुठनं हो लागलं, बाई?"

"तेच शोधतेय मी," अबोलीबाई म्हणाल्या. "दोघं लहानपणी आजारी होती? रक्त चढवलं होतं? कुठं ऑपरेशन?"

"काय न्हाई. ताप-खोकला, समद्या पोरांना असतुया तेवढाच. आनि घरात मी हुतो की औषधाला."

मग त्यानं जयराजला हाक मारून जवळ बसवलं आणि त्याच्या दंडावरच्या वाघावरनं हात फिरवला. "उगं बोललो लेका तुला. डोकं ठिकाणावर न्हाई माजं." जयराजनं मान खाली घातली. अंजनाबाईंनी पदर डोळ्याला लावला. बरं वाटलं सगळ्यांना.

"आईला आहे म्हटल्यावर मुलीचंही रक्त बघायला हवं," अबोलीबाई म्हणाल्या आणि मंगल सिस्टर सुई घेऊन आल्या.

प्रांजलनं सुई बघितली मात्र, खोली डोक्यावर घेतली! क्रांतीनं धरलं, जयराजनं पाय धरले, तरी आवरेना. सिस्टरांच्या हाताला ती चावलीच.

"सोडा गं तिला. असा दंगा केल्यावर पोर भ्यायचंच."

नाथाजी उठून बसला. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदाच हसत होता. त्यानं सदऱ्याची बाही वर सारली आणि दंड पुढं केला.

"सिस्टर, ती सुई हिकडं आणा. आदी माज्या दंडात टोचा, हिला बघू द्या दुखत न्हाई ते. मग तीच हिला टोचा. जयराजला, क्रांतीला, गावातल्या समद्या पोरांना असंच टोचलंय मी. एक पोरगं कवा रडलं न्हाई."