फाटकावरचा कॅमेरा

"पासवर्ड मी टाकनार. तू तिकडं बघ," घरमालक दादासाहेब म्हणाले आणि भाडेकरू स्नेहलने भिंतीकडे तोंड केलं.

जिन्याखालच्या त्या खोलीत पाण्याच्या मोटारीचं बटण होतं, एक फाटका सोफा होता आणि फाटकावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण साठवणारा कॉम्प्युटर होता. आज त्यावर फाटक दिसत नव्हतं. काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं तेवढी होती. बॅकअपचं सॉफ्टवेअर टाकतेय, म्हणजे सगळं चित्रण या दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवता येईल, असं स्नेहलने सांगितलं होतं. माउसला हात नाही, नुसत्या ओळी टाइप करायच्या. असलं काम दादासाहेबांनी आजवर सिनेमातच पाहिलं होतं आणि तिथे ते करणारे सगळे चोर होते.

त्यांनी एका बोटाने कळा दाबल्या. पडद्यावर काही उमटलं नाही, साधा ठिपकासुद्धा नाही. भिंतीकडे बघतच स्नेहल म्हणाली, की इथे पासवर्ड दिसत नाही, तरी तो आत जातो. दादासाहेबांचे कान टवकारले. मारुंजीतल्या जमिनी विकल्या जात होत्या त्या वर्षांत 'दिसत नाही, पण आहे' असं सांगणारे पुष्कळ येऊन गेले होते. मग त्यांनी मुद्दाम भलताच पासवर्ड ठोकला. चुकलाय, पुन्हा टाका, असं मशीनने तिथल्या तिथे सुनावलं. मशीन तरी प्रामाणिक निघालं. पोरीचं अजून ठरायचं होतं. मग त्यांनी खरा पासवर्ड, म्हणजे विकलेल्या ट्रॅक्टरचा नंबर टाकला आणि ओळी भराभरा वर सरकू लागल्या.

हे लचांड सुरू झालं ते नवरात्रात. कॅमेऱ्याचं चित्र इतकं धुरकट झालं, की फाटकातून माणूस आला की म्हैस, ते कळेना. वॉचमनने स्टुलावर चढून काच पुसली, पण चार दिवसांत ती पुन्हा धुरकटायला लागली. समोर दादासाहेबांनीच विकलेल्या रानात टॉवर उठत होते, डंपर दिवसभर सिमेंटची धूळ उडवत होते, हे खरं. पण डंपर दोन वर्षं धावत होते आणि दोन वर्षं चित्र आरशासारखं लख्ख होतं. धूळ काय आजच शहाणी झाली? कुणीतरी मुद्दाम काच माखतंय, याबद्दल त्यांच्या मनात तिळभर शंका उरली नाही.

रत्नाबाई असत्या तर त्यांनी नवऱ्याला आवरलं असतं. "आपल्याच दारात चोर हुडकत बसताय व्हय?" असं म्हणून त्या भाडेकरूंची बाजू घ्यायच्या. कॅमेरा बसवला तेव्हाही दोन दिवस त्या फुगून होत्या. पण श्रावणात त्या अचानक गेल्या आणि दादासाहेबांना गप्प करणारं घरात कुणी राहिलं नाही. आता ते जिन्यातल्या पावलांवरूनसुद्धा माणसं जोखत होते. काच माखणारा सापडला की त्याच दिवशी खोली खाली करायची, मग तो कुणी का असेना, हे त्यांनी सगळ्या मजल्यांवर ऐकवून ठेवलं होतं.

जुनं चित्रण तपासून माणूस शोधायला त्यांनी स्नेहललाच बसवलं. ती नांदेडची, हिंजवडीत कॉम्प्युटरवरच नोकरी करणारी. काल रात्री चित्रण बघायला बसली तोपर्यंत ती हसून बोलत होती. आज सकाळी मात्र डोळे सुजवून, स्वतःची डिस्क घेऊन हजर झाली.

"घावला का त्यो?" त्यांनी विचारलं.

"सापडलंय काका. पण आधी कॉपी होऊ द्या, मग दाखवते."

इथेच पाणी मुरत होतं. सापडलंय तर दाखवत का नाही? हिचाच कुणी मित्र असणार. कॉपीच्या नावाखाली तेवढा भाग गाळणार आणि आपल्याला साळसूद फाटक दाखवणार. दादासाहेब तिच्या पाठीमागे हाताची घडी घालून उभे राहिले. त्यांना राग आला होता, आणि वाईटही वाटत होतं, कारण या पोरीला रत्नाबाईंनी आपल्या हाताने भाकरी वाढली होती.

ओळी थांबल्या, कॉपी पुरी झाली. स्नेहलने एकदा डिस्क तपासली आणि मग चित्रण लावलं.

आषाढातली पहाट होती. फाटक धुरकट दिसत होतं. एका कडेने रत्नाबाई आल्या. त्यांनी वॉचमनचं रिकामं स्टूल ओढलं, खांबाला धरून त्या वर चढल्या आणि त्यांचा चेहरा मोठा होत होत पडद्यावर मावेनासा झाला. ओठ हलत होते. आवाज नव्हता, पण त्या कुणाच्या नावाने करवादत होत्या हे दादासाहेबांना ऐकायची गरज नव्हती. मग पदर आला, काचेवरून दोनदा फिरला आणि मागचं फाटक लख्ख झालं. दुसऱ्या पहाटे तेच, तिसऱ्या पहाटेही तेच. मग श्रावणातली एक पहाट आली. स्टूल जागचं हललं नाही आणि त्यानंतर फाटक दिवसेंदिवस धुरकटत गेलं.

दादासाहेबांनी सोफ्याची कड चाचपली आणि ते खाली बसले.

"मशीन भरलं की सगळ्यात जुनं आधी काढून टाकतं," स्नेहल हळूच म्हणाली. "आजपासून या सकाळी जायला लागल्या असत्या. म्हणून आधी कॉपी केली. अर्धवट राहिली असती, तर तुम्हाला दाखवायचा धीर झाला नसता."

मग सवयीने, पण पार उतरलेल्या आवाजात त्यांनी विचारलं, "मग काच माखत हुतं कोन?"

"कुणीच नाही, काका," स्नेहल म्हणाली. "पुसणारं माणूस गेलं."